कच्छचा गुळगुळीत शंख

लेप विरघळवणाऱ्या ॲसिटोनमध्ये बुडवलेला ब्रश मी शंखावरून पुन्हा एकदा फिरवला, कापसाने टिपून घेतलं आणि शंख भिंगाखाली धरला. जिथे गुळगुळीत पाठ असायला हवी होती, तिथे प्रत्येक वेढ्यावर बारीक धागे उमटले होते. एकाखाली एक, अगदी शिखरापासून मुखापर्यंत. मी शंख खाली ठेवला, उठून प्रयोगशाळेचं दार लावून घेतलं आणि परत येऊन पाहिलं. धागे तिथेच होते.

हा शंख कुणाचाही असता तर मी लेबल बदललं असतं आणि चहा प्यायला गेले असते. पण तो हर्षे सरांचा होता. कच्छच्या प्राचीन समुद्रातले मनोऱ्यासारखे उंच शंख हा सरांचा प्रांत. त्या शंखांची जात ठरते ती पाठीवरच्या नक्षीवरून, म्हणजे धागे किती, कुठे, जाड की बारीक, यावरून. सरांनी अशा एका शंखाच्या पाठीवर काहीच नक्षी नाही म्हणून तो नवी प्रजाती म्हणून जाहीर केला होता. तिला लॅटिनमध्ये 'गुळगुळीत' अशा अर्थाचं नावही दिलं होतं. नवी प्रजाती जाहीर करताना एक शंख मूळ नमुना म्हणून निवडावा लागतो. नाव त्या एका शंखावर टांगलेलं असतं. तो मूळ नमुना माझ्या टेबलावर होता, आणि लेप निघाल्यावर तो कच्छमध्ये पायाखाली चुरडला जातो अशा सर्वांत सामान्य प्रजातीचा निघाला होता.

कच्छचे शंख ठिसूळ. खणल्या जागीच त्यांना लेप द्यावा लागतो, नाहीतर पुण्याला पोचेपर्यंत पीठ होतं. त्या खेपेला कुणीतरी लेप सढळ हाताने लावला होता आणि धाग्यांमधल्या खाचा बुजल्या होत्या. छापलेल्या फोटोत ते कुणाला दिसणं शक्य नव्हतं, कारण नक्षी उठून दिसावी म्हणून फोटोआधी शंखाला पांढरा धूर देतात आणि धुराखाली लेपही झाकला जातो. पण प्रत्यक्ष शंख हातात असलेल्या माणसाची गोष्ट वेगळी. लेप काचेसारखा पारदर्शक होता. खिडकीशी जरा तिरका धरला तरी खालचे धागे दिसत होते. आणि "आधी साफ करा, मग तोंड उघडा" हा पहिला धडा आम्हाला हर्षे सरांनीच दिला होता.

मी संशयी बाई आहे. लग्नाआधीही होते, नंतरही राहिले. भाजीवाल्याने दिलेली मेथीची जुडी मी त्याच्यासमोर सोडून बघते. शंखांच्या कामाला हा स्वभाव फार उपयोगी पडतो, माणसांच्या बाबतीत कमी. पण त्या दिवशी मला संशय आला तो रास्तच होता असं मी आजही म्हणेन.

सरांच्या नमुन्यांच्या कपाटाची दुसरी किल्ली मला निरगुडकरांनी दिली होती. ते आमच्या संस्थेचे संचालक. स्वतः तेलाच्या शोधातले, त्यामुळे शंख म्हणजे दगडातला कचरा अशी त्यांची प्रामाणिक समजूत होती. मी शंख कागदावर ठेवून त्यांच्यापुढे सरकवला आणि काय सापडलं ते सांगितलं.

"म्हणजे चूक झाली," ते म्हणाले.

"चूक माझ्या हातून झाली असती. सरांच्या हातून ही होऊच शकत नाही."

"मग?"

"मग त्यांनी हा शंख बघितलेलाच नाही. दुसरंच कोणीतरी लिहितंय आणि सर फक्त सही करतायत."

निरगुडकरांनी चष्मा काढला. "मोहोळकर बाई, शनिवारी समिती आहे. हर्षेंनी दोन वर्षं मुदतवाढ मागितलीय. कच्छच्या शंखांचा कोश पुरा करायचाय म्हणतात. मला ह्या शंखाशी काही देणंघेणं नाही. काम त्यांचं आहे की नाही एवढं सांगा. त्यांचं नसेल तर शनिवारी विषय मिटला."

"आणि कोश?"

"कोश तुम्ही घ्या. खोलीपण घ्या."

सरांच्या खोलीला पूर्वेची खिडकी होती. माझं टेबल जिन्याखाली होतं, दिवसासुद्धा दिवा लावावा लागायचा. मला मोह झाला नाही असं मी म्हणत नाही.

त्या आठवड्यात मी सरांवर पाळत ठेवली. पाळत म्हणजे काय, आधीपासून डोळ्यासमोर असलेल्या गोष्टी एका सुतात ओवल्या. सरांच्या सूक्ष्मदर्शकावरचं कापडी आवरण कधी काढलेलंच दिसत नसे, त्यावर धुळीचा थर होता. पूर्वी ते शंखांची चित्रं स्वतः काढत, इतकी सुरेख की फोटो नको वाटायचे. ते बंद झालं होतं. खोलीचं दार लावलेलं असे. आणि सगळ्यांत खटकणारी गोष्ट म्हणजे व्हरांड्यात समोरून गेलं तरी ओळख दाखवत नसत. आपण "नमस्कार सर" म्हटलं की थबकून म्हणायचे, "कोण, वृंदा का? ये, ये." मला वाटायचं, नाव झालं की माणसं अशीच होतात.

त्यांच्या खोलीत दुसरी व्यक्ती एकच, साळवेकर बाई. सरांच्या लेखनिक. मूळच्या मालवणच्या, मराठी घेऊन बी.ए. झालेल्या, पन्नाशीच्या. सर सांगायचे, त्या लिहायच्या, टंकायच्या, टपाल वाचून दाखवायच्या. मी हिशेब मांडला. आई आजारी म्हणून बाई बरेच महिने मालवणला होत्या, आणि गुळगुळीत शंखाचा लेख नेमका त्या काळातला. बाई असताना सरांच्या लेखात एक चूक सापडत नाही आणि बाई गेल्या की अशी ढळढळीत चूक होते. म्हणजे शंख ओळखणाऱ्या साळवेकर बाईच, असा माझा तर्क झाला. बी.ए. असल्या म्हणून काय झालं, इतकी वर्षं ऐकून ऐकून शिकल्या असतील.

मी त्यांना कँटीनमध्ये गाठलं आणि रुमालातून एक शंख काढून त्यांच्या बशीशेजारी ठेवला.

"बाई, हा कुठला वाटतो तुम्हाला?"

बाईंनी शंखाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "मला काय विचारता? आमच्याकडच्या कालवणातल्या तिसऱ्या आणि तुमचे हे दगड यात मला एवढाच फरक कळतो की हे शिजत नाहीत."

"इतकी वर्षं ऐकताय, काहीतरी कळत असेल."

"वृंदाताई," त्यांनी कप खाली ठेवला, "शनिवारपर्यंत सरांना त्रास देऊ नका. मी तुम्हाला हात जोडते."

हात जोडलेच त्यांनी खरोखर. कुठेतरी पाणी मुरतंय याची मला खात्री पटली.

शुक्रवारी दुपारी मी ट्रे घेऊन सरांच्या खोलीत गेले. ट्रेमध्ये कच्छचे शंख होते, प्रत्येकाखाली त्याचं लेबल. त्यातल्या एकाचं लेबल मी मुद्दाम बदललं होतं. मोठ्या, ठसठशीत अक्षरात दुसऱ्याच प्रजातीचं नाव लिहिलं होतं, आणि तेही अशा प्रजातीचं की जी या शंखाच्या आसपासही येत नाही. आमच्या कामात खोटं लेबल ही फार वाईट गोष्ट असते. शंख फुटला तर जोडता येतो, पण लेबल चुकलं की तो कुठून आला, कुठल्या थरातला, काहीच उरत नाही. चुकीचं लेबल दिसलं की आमच्यातला कुणीही माणूस गप्प बसू शकत नाही. लग्नात जेवायच्या पंगतीत बसलेला असला तरी हात धुऊन उठेल. सर जर स्वतः ओळखत असतील तर लेबल टराटरा फाडतील, आणि ओळखत नसतील तर लेबल वाचून मान डोलावतील. सापळा पक्का होता.

"सर, ह्यातल्या एकदोघांबद्दल मला शंका आहे."

"बस. कुठले?"

मी तो खोट्या लेबलाचा शंख त्यांच्या हातावर ठेवला. साळवेकर बाई कोपऱ्यात टंकत होत्या, त्यांचा वेग मंदावला.

सरांनी शंखाकडे पाहिलं नाही. खिडकीकडे तोंड केलं आणि अंगठ्याचं नख वेढ्यांवरून खाली खाली नेलं. मग मुखाच्या आत करंगळी घातली. मला आठवलं, ते हल्ली नेहमीच असं करायचे. मी त्याला लकब समजत होते.

"वेढ्याच्या खालच्या अंगाला कंगोरा आहे," ते म्हणाले. "त्याच्यावर दोन धागे, वरचा जाड. दोन वेढ्यांमधली शिवण खोल. वाढीच्या रेषा बघ, मागे वळतात आणि पुन्हा पुढे येतात. ह्यात शंका कसली तुला? हा आपला मातानोमढच्या पलीकडच्या ओढ्यातला." आणि त्यांनी नाव सांगितलं. बरोबर नाव. शंख हाताला लागल्यापासून उत्तरापर्यंत त्यांनी मला हे सांगायला लागतोय तेवढासुद्धा वेळ घेतला नसेल, आणि त्यांना कुणी काही सुचवलं नव्हतं. बाईंची पाठ आमच्याकडे होती.

माझा सगळा तर्क कोसळला. हा माणूस कुणाच्या जिवावर सही करत नव्हता.

मग त्यांनी शंख ट्रेमध्ये जागेवर ठेवला. माझ्या त्या खोट्या लेबलावर. ठसठशीत अक्षरं शंखाच्या दोन्ही बाजूंनी दिसत होती. सरांचं तोंड ट्रेकडेच होतं. ते काहीच बोलले नाहीत.

"अजून कुठला?" त्यांनी विचारलं.

मी ट्रेकडे बघत बसले. ज्या माणसाने माझ्या प्रबंधातलं एक लेबल चुकलं म्हणून सबंध पेटी पुन्हा लिहायला लावली होती, तो हे लेबल बघून गप्प बसला होता. त्यांनी ते वाचलंच नव्हतं. त्यांना ते वाचता येत नव्हतं. गुळगुळीत शंख, धूळ खाणारा सूक्ष्मदर्शक, व्हरांड्यातली अनोळखी नजर, सगळं एकदम समजलं.

"सर, त्या लेबलावर काय लिहिलंय?"

टंकायचा आवाज थांबला. सर ताठ बसले होते.

"बाई," ते शांतपणे म्हणाले, "दार लावून घ्या."

बाईंनी दार लावलं आणि दाराशीच उभ्या राहिल्या, मी पळून जाईन म्हणून की काय.

"मधलं गेलंय," सर म्हणाले. "डोळ्याच्या पडद्याचा मधला भाग. कडा शाबूत आहेत, म्हणून चालता येतं. तू बसलीयस ते कळतंय मला. खांदे दिसतात, साडी दिसते. तोंडाच्या जागी काही नाही."

"औषध?"

"नाही म्हणतात. दोन डॉक्टर झाले." त्यांनी हात टेबलावर ठेवला. "पण मला कळलं की बोटांना बरंच दिसतं. डोळा वरवर बघून पुढे जातो. नख जात नाही."

मी पिशवीतून कागदात गुंडाळलेला मूळ नमुना काढला आणि त्यांच्या हातात दिला. नख दोन वेढे खाली आलं आणि थांबलं. त्यांनी ओळखलं, आणि तरीही विचारलं, "हा कुठला?"

"तुमचा गुळगुळीत शंख. मी लेप काढला."

सर तो शंख बोटांत फिरवत राहिले. त्यांचा चेहरा मला बघवेना.

"बाई तेव्हा मालवणला होत्या," शेवटी ते म्हणाले.

"मी असते तर शंख चमकतोय, एवढं तरी सांगितलं असतं," साळवेकर बाई दारातून म्हणाल्या आणि पदराने डोळे पुसायला लागल्या. "आईला चार दिवस उशिरा भेटले असते तर काय बिघडलं असतं."

"तुम्ही गप्प बसा हो," सर म्हणाले. मग माझ्याकडे वळले. "वृंदा, लेबलावर काय लिहिलं होतंस?"

मी नाव सांगितलं.

"माझ्या ट्रेमध्ये खोटं लेबल आजवर कुणी ठेवलं नव्हतं."

"ठेवलं नसतं तर कळलं नसतं."

"खरंय," ते म्हणाले. त्यांना राग आला होता, पण तो त्यांनी गिळला. मला त्या लेबलाचं तेव्हा वाईट वाटलं नाही, आजही वाटत नाही. मी तिथे खरं काय ते शोधायला गेले होते.

"उद्या निरगुडकरांना काय सांगणार?"

"जे आहे ते. डोळ्यांचं सांगितलं तर ते समजून घेतील, सर. माणूस वाईट नाही."

"समजून घेतील ना. शाल देतील, नारळ देतील, दोन भाषणं होतील. आणि ह्या कपाटाची किल्ली काढून घेतील. आंधळ्याच्या हातात मूळ नमुने ठेवतो का कुणी? मीही ठेवले नसते." ते पुढे झुकले. "निष्काळजी म्हण. लेप न काढता लिहिलं, घाई केली, म्हातारा झाला. निष्काळजी माणसाला आपल्या संस्थेतून कुणी कधी काढलेलं नाही."

"लोक नावं ठेवतील."

"ठेवू देत. कोश अर्ध्यावर आहे. मला दोन वर्षं हवीत, नाव नकोय."

मी हो म्हटलं नाही. माझा स्वभाव मला माहीत आहे. त्या माणसाची दया आली म्हणून मी खोटं बोलणार नव्हते. डोळे गेल्यापासूनचे सरांचे सगळे निर्णय चूक असतील तर? मी कपाटातून त्या काळातले शंख काढायला लावले आणि तिथेच, पूर्वेच्या खिडकीशी, एकेक भिंगाखाली बघत गेले. बाई नावं वाचत होत्या. सर हातांची घडी घालून बसले होते, तोंडी परीक्षेला बसलेल्या विद्यार्थ्यासारखे. एकाच ठिकाणी मी अडखळले. त्यांनी दोन प्रजाती वेगळ्या मानल्या होत्या आणि मला दोन्ही एकच दिसत होत्या.

"मुखात बोट घाल," सर म्हणाले. "डावीकडे, मधल्या खांबाला. नखाने बघ."

एकात खांबावर बारीकशी वळी होती, दुसऱ्यात नव्हती. बाहेरून ती दिसण्यासारखी नव्हती. गुळगुळीत शंख सोडला तर त्यांची एकही चूक मला सापडली नाही. मी ट्रे उचलला, माझं खोटं लेबल काढून पिशवीत टाकलं आणि बाहेर पडले.

समितीत निरगुडकर होते, मी होते आणि मुंबईहून आलेले डॉ. रेगे. रेग्यांचं नाव ऐकून माझं धाबं दणाणलं. सरांचं आणि त्यांचं छापील भांडण वर्षानुवर्षं चाललेलं. सरांनी एक प्रजाती जाहीर केली की रेगे तिला खोडायचे, आणि रेग्यांनी केली की सर. नियतकालिकाच्या एका पुरवणीत रेग्यांनी सरांच्या लेखातल्या स्वल्पविरामापर्यंत चुका काढल्या होत्या. आणि या दोघांचं एकमेकांना अरेतुरे होतं, कारण कॉलेजात एका बाकावर बसलेले.

सर बोलावल्यावर आले. साळवेकर बाईंनी दारापर्यंत सोडलं. दारापासून खुर्चीपर्यंत ते सरळ चालत आले आणि बसले. कुणाला काही वाटलं नाही.

"मोहोळकर बाई," निरगुडकर म्हणाले, "तुम्ही तो शंख तपासलात. तुमचं म्हणणं?"

"शंखावर लेप होता. तो न काढता वर्णन लिहिलं गेलं. प्रजाती रद्द करावी लागेल."

"ते कळलं. असं का झालं?"

सर समोर होते. त्यांचं तोंड माझ्या थोडं बाजूला वळलेलं होतं, मला कडेने बघायला.

"निष्काळजीपणा," मी म्हटलं.

"बस? एवढंच? तुम्ही मला वेगळं काहीतरी म्हणाला होतात."

"ते चुकीचं होतं. बाकीची सगळी कामं मी स्वतः पाहिलीत. ती त्यांचीच आहेत आणि बरोबर आहेत."

निरगुडकरांचा विश्वास बसलेला दिसला नाही. पण बोलले रेगे. "मला हा गुळगुळीत शंख पहिल्यापासून पटला नव्हता," असं म्हणत त्यांनी बॅगेतून एक मोठा फोटो काढला. "हर्षे, हा आमच्या संग्रहातला. तुझ्याच ओढ्यातला. ह्याला लेपबिप काही नाही. आता तूच बघ आणि सांग, तुझा आणि हा वेगळा आहे का." त्यांनी फोटो टेबलावरून सरकवला. तो सरांच्या हाताशी जाऊन थांबला.

फोटोला कंगोरा नसतो, धागा नसतो, खाच नसते. मी काही बोलायच्या आत सरांनी तो उचलला, चष्म्यासमोर धरला, उजेडाकडे जरा तिरका केला.

शंखाचं चित्र नेहमी शिखर वर आणि मुख खाली असं धरायचं असतं. आमच्यात पहिल्या वर्षाचं पोरसुद्धा ते उलटं धरत नाही, सवयीने हात वळतोच. सरांनी फोटो उलटा धरला होता.

"हं," ते म्हणाले. "वरच्या वेढ्यांवर धागे अगदी स्पष्ट आहेत." आणि त्यांनी ते बोटाने दाखवले. वर तेव्हा शंखाचं मुख होतं. बोट त्याच्याही पलीकडे, काळ्या कोऱ्या भागावर टेकलेलं होतं. "मान्य आहे. तुझा आणि माझा एकच. चूक माझी."

निरगुडकरांना शंखातलं कळत नव्हतं, पण उलटं-सुलटं त्यांनाही कळत होतं. ते सरांच्या बोटाकडे बघत राहिले. मी रेग्यांकडे पाहिलं. इतकी वर्षं ते ज्या क्षणाची वाट बघत असतील तो हाच होता. त्यांच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला होता.

रेग्यांनी हात पुढे केला, सरांच्या हातातून फोटो हळूच घेतला, सुलटा केला आणि बॅगेत ठेवला. बॅगेची चेन ओढायला त्यांना जरा वेळ लागला.

"मान्य केलंस ना? मग संपलं," ते म्हणाले. "निरगुडकर, त्याला दोन वर्षं द्या. हा कोश दुसरं कोण करणार आहे? तुम्ही?"

निरगुडकरांनी माझ्याकडे पाहिलं. मी पाण्याच्या ग्लासाकडे बघत होते. मला वाटलं, आता हा माणूस विचारणार. ते त्यांचं कामच होतं.

"ओळख पटवलेल्या प्रत्येक शंखावर मोहोळकर बाईंची सही लागेल," ते म्हणाले. "ही अट आहे. मान्य?"

"मान्य," सर म्हणाले. त्यांच्याच विद्यार्थिनीची सही.

"ठीक. पुढचा विषय, जनरेटर."

पुढे कितीतरी वर्षांनी मी निरगुडकरांना त्या सकाळबद्दल छेडलं होतं. "कसला फोटो?" ते म्हणाले. "मला काही आठवत नाही." आज सर नाहीत, रेगेही नाहीत, म्हणून सांगते आहे.

मी सरांबरोबर बाहेर पडले. व्हरांड्यात ते भिंतीच्या कडेने, पण भराभर चालत होते. इतके खुशीत मी त्यांना कित्येक दिवसांत पाहिलं नव्हतं.

"रेगे मऊ पडला," ते म्हणाले. "माझी गचांडी धरायची सोडून माझीच वकिली. वय झालं बहुतेक त्याचं."

"तसंच असेल."

"आणि निरगुडकर? मला वाटलं तासभर सोलतील." ते चालता चालता थांबले. जिन्याच्या तोंडाशी साळवेकर बाई किल्ल्या घेऊन उभ्या होत्या. सर त्यांच्याकडे न जाता माझ्याकडे वळले.

"वृंदा."

"सर."

"तो फोटो मी सुलटा धरला होता ना?"

"हो, सर," मी म्हटलं. "सुलटाच होता."

ते मान जरा वळवून, डोळ्याच्या कडेने माझ्याकडे बघत राहिले. चेहऱ्यावरची खुशी हळूहळू गेली, पण ते खचले मात्र नाहीत.

"एरवी कुठल्याही गोष्टीला हो म्हणायला तू दहा वेळा विचार करतेस," ते म्हणाले. "आत्ता एकदासुद्धा केला नाहीस."

त्यांनी बाईंपुढे हात केला, किल्ल्या घेतल्या आणि माझ्या हातात दिल्या.

"चल, कपाट उघड. कामाला लागू."